एक डॉलरचं घर

जून जवळ आला की आम्ही निघायचो.
भाडं आठवड्यावर मोजणारे पाहुणे यायचे
आणि महिन्यावर मोजणाऱ्या आम्हाला
एक तारखेच्या आत भांडी बांधावी लागायची.
सहा वर्षांत नऊ घरं.
एक उन्हाळा नॉर्वुडच्या भावाच्या गॅरेजात,
एक बोटीवर. त्या वर्षी शाळेच्या फॉर्मवर
डेलियानं पत्ता लिहिला:
सध्या धक्क्याशी.

मी फेरीवर तिकिटं फाडते.
उतरणारा दर तिसरा माणूस विचारतो,
बारा महिने इथेच राहता? काय नशीब!
मी हो म्हणते
आणि पुढच्याचं तिकीट फाडते.

मार्चमध्ये पोस्टातल्या फळ्यावर कागद लागला.
तीन खोल्या, समुद्रासमोर. किंमत एक डॉलर.
नव्वद दिवसांत उचलून नेणे.
खाली कुणी पेन्सिलीनं खरडलं होतं,
ठेवू कुठे, खिशात?

मालक बॉस्टनचे. जमीन त्यांना हवी होती,
वरचं घर अडचण होतं.
आमच्याकडे उलटं. गावाच्या सोडतीत लागलेला
कचरा डेपोमागचा तुकडा होता,
त्यावर गवत होतं, आणि एक गंजका हातगाडा.
लाकूड बोटीनं येतं, येता येता दुप्पट होतं.
नॉर्वुडनं तो कागद तीनदा वाचला,
मग टोपी काढली, जणू देवळात आहे.

वकिलानं एका डॉलरची रीतसर पावती दिली.
हलवायचे एकोणसाठ हजार.
चार आण्याची कोंबडी म्हणतात ना,
मसाला बँकेनं दिला, तीस वर्षांच्या बोलीवर.

म्हातारा अँसेल आला, घरं हलवणारा.
आधी घराच्या पोटाखाली सरपटत गेला,
तुळया ठोकून कान लावला,
कलिंगड ठोकून घेतात तसा.
बाहेर आला तेव्हा दाढीत जाळी होती.
येईल म्हणाला.
जणू घराला विचारून आलाय.

मेच्या शेवटी, रात्री दोन वाजता निघालो.
विजेची माणसं पुढे, तारा काठ्यांनी उचलत,
मग ट्रक, मग घर, मग आम्ही पायी.
लांबून बघणाऱ्याला कळलं नसतं
वरात आहे की प्रेतयात्रा.
लोक झोपेच्या कपड्यांत दारात आले.
पोस्टातल्या हल्दानं कॉफीचा थर्मास दिला
आणि पेन्सिलीबद्दल काही बोलली नाही.

चर्चच्या वळणावर घर अडलं.
पडवी मावेना. अँसेलनं करवत मागितली.
पडवी तिथेच कुंपणाला टेकवून ठेवली,
सकाळी आणायला गेलो तर कुणी घेऊन गेलेलं.
असू दे. त्यालाही कुठेतरी बसायचं असेल.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
आम्ही पाहिलं पाठमोरं, चालताना,
मागच्या दाराची कडी
दर खड्ड्याला वाजत होती.

इथून समुद्र दिसत नाही.
समुद्रपक्षी दिसतात, पुष्कळ,
ते सकाळपासून कचऱ्यावर असतात.
तिकडे त्यांनाही परवडत नसावं.
वारा फिरला की काय वास येतो ते विचारू नका.

एक जूनला पहाटे जाग आली
आणि अंधारातच मी बश्या वर्तमानपत्रात गुंडाळू लागले.
सहा झाल्या तेव्हा लक्षात आलं.
त्या सहा अजून तशाच आहेत.

पूर्वेची खिडकी उघडत नाही.
सत्तर वर्षं खाऱ्या हवेनं फुगलेली ती.
नॉर्वुड म्हणतो, रंधा मारून टाकतो.
मी म्हणते थांब, एवढी घाई नको,
तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.